लाइनमनची मुलगी आणि हिब्रू

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. माझा अभ्यासाचा विषय यहुदी धर्म आणि त्याच्या आगेमागे उभे राहिलेले प्राचीन धर्म. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर भांड्यांची दुकानं असतात, ऑटोवाले असतात, एसटीची वाट बघणारे लोक असतात. ज्यू कोणीच नसतो. या नोकरीच्या मुलाखतीतही एका गृहस्थांनी हेच विचारलं होतं.

"मॅडम, आपल्या जिल्ह्यात ज्यू आहेत तरी कुठं?"

"सर, आपल्या जिल्ह्यात रोमनही नाहीत," मी म्हटलं, "पण रोमन साम्राज्यावर दर वर्षी प्रश्न येतो."

ते हसले आणि मला नोकरी मिळाली. तेव्हा एवढं सहज बोलता आलं, कारण तोवर सगळ्यात अवघड भाग मागे पडला होता. तो भाग मला सांगायचा आहे.

आमचं गाव पवनी आणि भंडारा यांच्या मधे, वैनगंगेच्या काठावर होतं. होतं, कारण आता तिथे गोसीखुर्द धरणाचं पाणी आहे. आजोबांनी तरुणपणी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि परत येताना हातात बुद्धाची एक तसबीर आणली. पुढे गावाने श्रमदानातून विहार बांधला. बाबा तेव्हा शाळकरी होते, नदीतून रेतीची घमेली वाहायचे. मोठेपणी ते वीज खात्यात लाइनमन झाले. आई धानाच्या रोवणीच्या दिवसात लोकांच्या बांध्यांत जायची आणि उरलेलं वर्षभर आमचा अभ्यास झाला की नाही याच्या मागे लागायची. तिला स्वतःला जेमतेम सही करता येत होती.

एम.ए.ला मी नागपूरला होते. सरांनी निबंधाचे विषय फळ्यावर लिहिले, मुलांनी भराभर निवडले, आणि शेवटी राहिला तो मला मिळाला: यहुदी धर्माचा उगम. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. वसतिगृहात ग्रंथालयातली दोन जाड पुस्तकं घेऊन बसले, तीही नाइलाजाने. ज्या लोकांचा सगळा धर्म एका मंदिरावर उभा होता, त्यांचं ते मंदिर परक्या सैन्याने पाडलं. पुन्हा बांधलं, तेही पाडलं. लोक देशोधडीला लागले. आणि तरी प्रार्थना थांबली नाही. ती घरातल्या जेवणाच्या पाटावर आली, आठवड्याच्या एका दिवसात आली, पोरांना शिकवायच्या अक्षरांत आली. त्याच आठवड्यात घरून निरोप आला होता की धरणासाठी आपल्या गावाची मोजणी करायला माणसं येऊन गेली. मी पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडलं. तेव्हापासून तो विषय सुटला नाही.

पीएच.डी. याच विषयात करणार, हे सांगायला मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. बाबा पायरीवर बसून पक्कड पुसत होते.

"तुह्या आजोबानं एक धर्म सोडला, एक घेतला," ते म्हणाले. "तेवढ्यानं पुरलं नाही का? आता तिसरा कायले?"

"बाबा, मी धर्म बदलून नाही राहिली. अभ्यास करून राहिली."

"मंग पालीचा कर ना. आपल्या लोकायचं एवढं काम पडलं आहे. दुसऱ्याच्या धर्माच्या मागं काहून लागून राहिली?"

ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त वाईट होतं. आतून आई म्हणाली, "शिकू द्या जी तिले. पोरगी शिकून राहिली, पळून नाही जाऊन राहिली." बाबा उठले आणि सायकल काढून नदीकडे निघून गेले. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल एक शब्दही विचारला नाही. तब्येत विचारायचे, पैसे पाठवायचे, पण विषयाचं नाव काढायचे नाहीत.

हिब्रू आल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं, म्हणून शिष्यवृत्ती मिळताच मी वर्षभरासाठी पुण्याला गेले. कोणीतरी एका निवृत्त शिक्षिकेचा पत्ता दिला. त्या बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू. मी उत्साहाने पहिल्यांदा गेले ती नेमकी शनिवारी. दार उघडंच होतं. समोर त्या, साधी सुती साडी, हातात हिरव्या बांगड्या. क्षणभर वाटलं, मी चुकीच्या घरी आले.

"अगं, आज शनिवार, आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस," त्या म्हणाल्या. "आज मी शिकवत नाही, लिहीत नाही, चूल पेटवत नाही."

मी ओशाळून वळले, तर म्हणाल्या, "आलेल्या माणसाला उपाशी घालवायचं, असं मात्र कुठे सांगितलेलं नाही. बस."

शुक्रवारीच रांधून ठेवलेलं गार जेवण आम्ही जेवलो. नारळाच्या दुधातली माशाची आमटी होती. भंडाऱ्याच्या पोरीला मासा नवा नव्हता, नारळ नवा होता.

"भंडाऱ्याला आमचं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग कशासाठी शिकतेस?"

मोठमोठी वाक्यं मी पाठ करून आले होते. ती सगळी ऐन वेळी गेली. मी म्हटलं, "आमचं गाव धरणात जाणार आहे."

त्यांचा हात ताटात थांबला. माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "मंगळवारी ये. पाटी-पेन्सिल घेऊन ये. वही नको, सुरुवातीला फार पुसावं लागतं."

त्यांनी मला वर्षभर शिकवलं. अक्षरं उजवीकडून डावीकडे जायची आणि स्वर बहुधा लिहिलेलेच नसायचे, वाचणाऱ्याने ते आपले आपण भरायचे. मी वैतागले की म्हणायच्या, "आपल्या मोडीत तरी ऱ्हस्व-दीर्घ कुठे होतं? माणसं वाचत होतीच ना!" प्रार्थनाघराला त्यांचे आजोबा मशीद म्हणत. नवस फेडायला त्या गोड पोह्यांचा मलिदा करत, त्यात खोबरं आणि फळं. एकदा मी घरून आलेले पोहे त्यांना नेऊन दिले. मुठीत घेऊन, वास घेऊन म्हणाल्या, "हे तांदूळवाल्या मुलखातले पोहे खरे." त्या दिवशी आम्ही धड्याऐवजी मलिदाच केला.

परत आल्यावर मात्र दिवस कठीण होते. लाखनीच्या एका कॉलेजात मला तासिका तत्त्वावर काम मिळालं. घरचे अजून गावातच होते, मी भंडाऱ्यात खोली घेतली. तिथून रोज एसटीने लाखनीला जायचं, हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात मुघल आणि मराठे शिकवायचे आणि संध्याकाळी परत येऊन प्रबंध लिहायचा. पूजास्थान हरवल्यावर धर्म कसा टिकतो, हा माझा प्रश्न होता. प्राचीन यहुदी ग्रंथांतले नियम आणि आरंभीच्या बौद्ध संघाचे नियम मी समोरासमोर ठेवून वाचले होते. लिहायला खूप वर्षं लागली; शेवटच्या वर्षी घरच्यांना भंडाऱ्याजवळ पुनर्वसनात प्लॉट मिळाला आणि त्यांनी तिथे टिनाच्या छपराखाली संसार मांडला. शेवटी प्रबंध दिला आणि मोकळी झाले असं वाटलं.

मग तो परत आला.

दोन परीक्षकांपैकी एकाने मान्य केला होता. दुसऱ्याने, दक्षिणेतल्या एका वयस्कर अभ्यासकाने, दुरुस्त करून पुन्हा द्या असं कळवलं होतं. त्याचं म्हणणं असं की या प्रबंधात ग्रंथ बोलतात, माणसं बोलत नाहीत. मंदिर पडल्यावर साध्या घरातल्या बाईने दुसऱ्या दिवशी काय केलं, हे लेखिकेला विचारावंसंही वाटलेलं नाही.

माझे मार्गदर्शक निवृत्तीला आले होते. "नाराज होऊ नको," ते म्हणाले. "पण तो म्हणतो त्यात तथ्य आहे."

"सर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईला मी कुठे जाऊन विचारू?"

"ते मलाही माहीत नाही," ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

मी प्रबंध पिशवीत घालून घरी आले. घरी वेगळंच चाललं होतं. जुन्या गावाची लाइन कापायचा हुकूम आला होता. बहुतेक घरं रिकामी झाली होती, भिंतींतले दरवाजे-चौकटी लोकांनी काढून नेल्या होत्या, तरी खांबांवर तारा होत्या आणि विहारात बल्ब जळत होता. खात्यातला दुसरा लाइनमन जायला तयार होता. बाबा म्हणाले, मीच जातो. आपल्याच गावात, आपणच कधीकाळी चढवलेल्या तारा त्यांनी खांबावर चढून उतरवल्या. घरी येऊन हातपाय धुतले आणि न जेवता बसून राहिले.

"तुम्हीच काहून गेले?" आईने विचारलं.

"दुसऱ्यानं काढल्या असत्या तं जिंदगीभर त्याच्यावर राग राहिला असता," बाबा म्हणाले. "आता राग कोणावर धरू?"

पण राग होताच. तो विहाराच्या भांडणात निघत होता. पुनर्वसनात सरकारने नवं समाजमंदिर बांधून दिलं होतं. विहार समितीचे म्हातारे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबाजी म्हणत, त्यांचं म्हणणं होतं की मूर्ती तिथे आणावी. बाबा आणि आणखी काही जण म्हणत की पाणी पायरीला लागेपर्यंत वंदना जुन्या विहारातच होईल. बाबा रोज संध्याकाळी सायकलने जुन्या गावी जायचे आणि बॅटरीच्या उजेडात वंदना करून यायचे. आबाजी आणि बाबा, रेतीची घमेली सोबत वाहिलेली ही माणसं, एकमेकांशी बोलत नव्हती. नवं समाजमंदिर कुलूप लावून पडलं होतं.

पौर्णिमा आली. बाबा जुन्या गावी गेले. मी खाटेवर आडवी पडून छपराकडे बघत होते, तेवढ्यात अंगणातून बायकांचा आवाज आला. उठून बघितलं, तर आईने पत्र्याची पेटी अंगणात ओढून आणली होती, तिच्यावर पांढरं धुतलेलं लुगडं अंथरलं होतं आणि त्यावर आजोबांनी आणलेली तसबीर ठेवली होती. शेजारच्या काकू मेणबत्ती लावत होत्या. गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या आणि वंदना सुरू झाली. कोणी कोणाला विचारलं नव्हतं, कोणी कोणाची परवानगी घेतली नव्हती.

संपल्यावर मी आईला विचारलं, "हे कवापासून करून राहिल्या तुम्ही?"

"इथं आलो तवापासून."

"सुरू कोणी केलं?"

"ह्या काकूनं."

"मी कायले?" काकू म्हणाल्या. "तुह्या मायनंच पेटी काढली होती."

"मी नाही व. पेटी तं पावसापायी बाहेर काढली होती."

तिसरी म्हणाली, कोपऱ्यावरच्या म्हातारीने. म्हातारी म्हणाली, मले आठवत नाही बाई. त्या एकमेकींवर ढकलत हसायला लागल्या. मी मात्र दारातच उभी राहिले. या गोष्टीला अजून वर्षही झालं नव्हतं, करणाऱ्या सगळ्या समोर बसल्या होत्या, आणि सुरुवात कोणी केली हे त्यांनाच सांगता येत नव्हतं. आणि मी इतकी वर्षं जुन्या ग्रंथांत शोधत होते की घरातली उपासना सुरू करायचा आदेश कोणत्या आचार्याने दिला! आदेश नसेलच. आधी घराघरांत पेट्या निघाल्या असतील, आणि पंडितांनी नियम लिहिले ते नंतर, जे आधीच चाललं होतं त्याला जागा द्यायला. तेच ग्रंथ मी आता उलट्या बाजूने वाचू शकत होते. नियमांच्या फटीत, 'कोणी असं करत असेल तर' अशा वाक्यांत, ती बाई होती. मी तिच्यावरून कितीदा तरी पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी अचानक विचारलं, "ते तुह्ये ज्यू लोक. त्यायचं मंदिर पडलं, मंग त्यायनं काय केलं?"

इतक्या वर्षांनी त्यांनी विषयाचं नाव काढलं होतं.

"आधी खूप रडले," मी म्हटलं. "काही जण म्हणाले, आता मांस खायचं नाही, आनंदाचं काही करायचं नाही. तेव्हा त्यांच्यातले जाणते म्हणाले, शोक केलाच नाही असं नको. पण एवढाही नको की लोकांना जगता येणार नाही. मग नवं घर बांधताना भिंतीचा एक तुकडा गिलाव्याशिवाय सोडायची पद्धत पडली. दारासमोरचा. येता-जाता दिसला पाहिजे."

"केवढा?"

"हातभर."

"बस?"

"बस. बाकीचं घर पुरं करायचं."

बाबांनी चहा संपवला. त्या महिन्यात आमच्या पक्क्या घराचं प्लास्टर चालू होतं. मिस्त्री दारासमोरच्या भिंतीशी आला, तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं आणि हाताने चौकोन दाखवला. "एवढं सोड."

मिस्त्री म्हणाला, "काहून जी, माल संपला का?"

"माल आहे. सोड म्हणलं ना."

आईला ते मुळीच पसंत पडलं नाही. पाहुणे काय म्हणतील म्हणून तिने तिथे कॅलेंडर टांगलं. बाबांनी काढलं. तिने पुन्हा टांगलं. शेवटी कॅलेंडर बाजूच्या खिळ्यावर गेलं आणि विटांचा तुकडा उघडा राहिला. त्यातून पावसाळ्यात मुंग्या निघतात आणि आई दर वर्षी त्याचा दोष ज्यूंना देते.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबा आबाजींच्या दारात जाऊन उभे राहिले. मी सोबत होते. "चाल," बाबा म्हणाले, "मूर्ती आणून घेऊ." आबाजींनी चपला शोधायला जरा जास्तच वेळ घेतला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. दोघे पुढे चालत गेले आणि बोलायला लागले ते थेट ट्रॅक्टर कोणाचा घ्यायचा यावर. मूर्ती गोधड्यांत गुंडाळून ट्रॉलीतून आली, मागे बायका गाणी म्हणत आल्या. समाजमंदिराचा आता नवा विहार झाला होता, त्यातली वायरिंग बाबांनी स्वतः केली. दिवा लागला तेव्हा सगळ्यांनी 'साधु, साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. मी मागे उभी होते. मीही दिला.

शेवटचं प्रकरण मी नव्याने लिहिलं. गावाबद्दल त्यात एकच परिच्छेद होता, बाकी सगळं जुन्या ग्रंथांचंच काम, पण आता मला काय शोधायचं ते माहीत होतं.

मौखिक परीक्षेला नागपूरला बाबा सोबत आले. मी नको म्हटलं होतं, तरी पांढरा शर्ट इस्त्री करून तयार झाले. दक्षिणेतले ते परीक्षक स्वतः आले होते. बारीक अंगाचे गृहस्थ, समोर माझा प्रबंध, त्यात कागदाच्या कितीतरी खुणा. माझे मार्गदर्शक निवृत्त झाले होते, तरी येऊन पहिल्या रांगेत बसले. बाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

परीक्षकांनी हिब्रूच्या एका क्रियापदावरून सुरुवात केली आणि मला चांगलंच घोळसलं. मग शेवटच्या प्रकरणावर आले. "नियम नंतर आला आणि रिवाज आधी, हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी ग्रंथांतली स्थळं सांगितली. त्यांनी दोन स्थळं खोडून काढली, एक मान्य केलं. मग म्हणाले, "आणि हा तुमच्या गावाचा परिच्छेद. तो पुरावा आहे?"

"नाही सर," मी म्हटलं. "त्यातून पुरावा मिळत नाही. कुठे बघायचं ते मला त्यावरून कळलं."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी तो रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि इंग्रजीत म्हणाले की मला हेच ऐकायचं होतं. पुढे ते मार्गदर्शकांकडे वळून हिंदीत काहीतरी बोलले, सगळे हसले. मी ऐकलंच नाही.

बाहेर व्हरांड्यात मी आधी पुण्याच्या बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला होता. मी सांगितल्यावर नव्या चांगल्या गोष्टीच्या वेळी म्हणतात तो छोटा आशीर्वाद त्यांनी हिब्रूतून म्हटला. मनात भाषांतर न करता तो मला समजला, शब्दन्‌शब्द. मी "आमेन" म्हटलं आणि रडू लागले.

बाबा बाजूला उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तो माणूस काय म्हणाला?"

"पास झाली, बाबा."

"ते तं तोंडावरून समजलं. म्हणाला काय?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. क्रियापदापासून. विद्यापीठापासून बसस्टँडपर्यंत सांगत राहिले. ते मधेच थांबवून विचारत होते, समजलं नाही ते पुन्हा सांगायला लावत होते. बसमध्ये बसल्यावरही बोलणं चालूच होतं. नागपूरची वस्ती संपली, आणि कोणत्या वाक्यावर ते मला माहीत नाही, पण आम्हा दोघांनाही झोप लागली.

"मॅडम, लाखनी!" कंडक्टर खांदा हलवत होता.

मी दचकून उठले. "भंडारा?"

"भंडारा कवाचंच मागं गेलं. तुम्ही रोज लाखनीलेच उतरता ना, म्हणून उठवलं नाही."

आम्ही खाली उतरलो. ऊन कलतं होतं, हायवेवरून ट्रक धडधडत जात होते. बाबांचा इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता आणि ते इतके हसत होते की त्यांना बाकावर बसावं लागलं. परतीच्या बसला वेळ होता. टपरीवाल्याने कप ठेवले. बाबांनी फोन काढून आईला लावला.

"हो, झाली. पास झाली. अव हो, डॉक्टर. नाही, घरी नाही आलो अजून, लाखनीत आहो." आई पलीकडून काहीतरी ओरडली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, कप उचलला. "आता कायले आलो ते मले काय विचारतं? चहा पिऊन राहिलो."